हजार तुकड्यांचं रान आणि न सुटणारा काळोख

सांधेजोड

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसतं वाचत आले, आता अडलंय म्हणून लिहिते आहे.

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी चित्रकार अल्बर्ट बिअरस्टाट याच्या 'अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया' या चित्राचं हजार तुकड्यांचं जिगसॉ लावायला घेतलंय. चित्र डोळ्यांपुढे नसेल तर सांगते: संथ तळं, पलीकडे ढगांत घुसलेले कडे, ढग फाटून आलेलं ऊन, कड्यावरून उतरणारा धबधबा, काठाशी आलेली हरणं, उंच झाडं, दगडधोंडे. माणूस औषधालाही नाही.

चौकट झाली, हरणं झाली (हरणं सगळ्यांचीच आधी होतात म्हणा), धबधबा झाला, उन्हाचा पट्टाही होत आला. उरलंय ते सगळं काळं. झाडी, झाडीची सावली, खडक, खडकाची सावली आणि वरचे काळपट ढग. रंगावरून तीन ट्रे केलेत: हिरवट काळा, तपकिरी काळा आणि नुसताच काळा. रात्री दिव्याखाली केलेली ही वाटणी सकाळी उजेडात बघितली की हिरवटातले निम्मे तपकिरी निघतात. झाकणावर बघावं तर तिथे या भागात चक्क अंधार आहे, काही दिसतच नाही.

नवऱ्याचं म्हणणं, एक जागा धर आणि तुकडे एकामागून एक घालून बघत सुट, कधीतरी बसेलच. मला ते पटत नाही. ते चित्र लावणं नव्हे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलपाशी झटणं झालं. पण दुसरा उपायही सुचत नाहीये. तुम्ही लोक असल्या रानाच्या चित्रांना कसे भिडता?

उचापती

नवरोबांना +१. शेवटी सगळे तेच करतात, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

खटपट्या

ताई, आधी एक सांगा. चौकट झालीय ना? मग लांब कडेला किती तुकडे आणि आखूड कडेला किती, मोजा. आणि तुकडे सरळ रांगांत कापलेत की वेडेवाकडे?

सांधेजोड

सरळ रांगांत. ३८ आणि २७. पण मग गुणाकार १०२६ येतो! डब्यावर तर १००० लिहिलंय. मला जास्त आले की काय?

खटपट्या

जास्त नाहीत, बरोबर आलेत. डब्यावरचं 'हजार' हे गोळाबेरीज समजायचं. हजाराचं पझल बहुतेक ७० बाय ५० सेंटीमीटरच्या आसपास असतं. त्यात तंतोतंत हजार तुकडे पाडायचे तर ४० गुणिले २५ रांगा घेता येतात, मग एकेक तुकडा पावणेदोन बाय दोन सेंटीमीटरचा, म्हणजे जरा लांबट होतो. ३८ गुणिले २७ घेतले की तोच तुकडा दोन्हीकडून साधारण १.८५ सेंटीमीटर, जवळजवळ चौरस. म्हणून २६ वर द्यायचे. गंमत म्हणजे कडेचे तुकडे दोन्ही हिशोबांत १२६च येतात, करून बघा.

हे पुराण कशासाठी, तर लांबट तुकडा हातात घेतला की तो उभा बसणार की आडवा ते कळतं. निम्म्या शक्यता तिथेच गळतात. तुमच्या चौरस तुकड्यांत ती सवलत नाही. तेव्हा वाटणी घाटावरून, म्हणजे तुकड्याच्या आकारावरून करा. बाहेर आलेला गोल भाग ती खुंटी, ती जिथे बसते ती खाच. सरळ रांगांत कापलेल्या पझलमध्ये मधल्या तुकड्यांचे घाट सहाच असतात: चारही बाजूंना खाचा, एकच खुंटी, दोन खुंट्या शेजारी शेजारी, दोन समोरासमोर, तीन खुंट्या, आणि चारही खुंट्या. बाकी सगळे यांचेच फिरवलेले अवतार.

आता तीन बाजू आधीच लागलेली एखादी जागा धरा. तिथे या सहांपैकी फक्त दोन घाटांचे तुकडे बसू शकतात, आणि तेही बहुतेक एकाच दिशेने. काळे तुकडे समजा अडीचशे उरलेत. नवरोबांच्या पद्धतीने एका जागेसाठी चारही दिशा धरून हजार वेळा घालून बघायची तयारी हवी. घाट पाहून गेलात तर काम पार थोडक्यात येतं.

उचापती

म्हणजे नवरोबा बरोबरच आहेत, फक्त ट्रे वाढवायचे. :)

भिंगातून

खटपट्यांचं गणित पक्कं आहे, पण ते शेवटच्या पायरीला राखून ठेवा. त्याच्या आधी चित्राकडून जेवढं मिळतंय तेवढं घ्या की! बिअरस्टाटने काळ्या भागातही भरपूर खुणा सोडल्यात.

तुमची वाटणी रंगावरून आहे, ती या चित्रात चालणार नाही. अंतरावरून वाटा. जवळचं, मधलं, लांबचं. लांबच्या वस्तू आपण मधल्या हवेतून बघतो. त्यांचा काळा रंग फिकटतो, निळसर होतो, उजेड आणि सावलीतला फरक कमी होत जातो, कडा मऊ पडतात. निसर्गचित्रातली खोली उभी राहते ती यावरच. बिअरस्टाट जर्मनीत ड्युसेलडॉर्फला शिकून आलेला, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं.

म्हणून काळा तुकडा उचललात की 'हिरवा की तपकिरी' हे विचारूच नका. त्यातला सगळ्यात काळा ठिपका शोधा आणि सगळ्यात उजळ ठिपका शोधा. दोघांत खूप अंतर असेल आणि मधली कड धारदार असेल तर तो पुढचा खडक किंवा जवळचं खोड. काळा आहे पण धुरकट आहे, आणि आत फारसं काही घडत नाहीये: मागची झाडी किंवा कड्याची सावली. गडद आहे आणि कडच सापडत नाही: ढग.

पाण्याची खूण वेगळी. प्रतिबिंबात उजळ वस्तू मूळच्यापेक्षा किंचित काळपट दिसते आणि काळी वस्तू किंचित उजळ. त्यामुळे तळ्यातले तुकडे आकाश आणि झाडी या दोघांच्या मध्येच कुठेतरी लटकतात आणि दोन्ही ट्रेंमध्ये उपरे वाटतात. एखाद्या तुकड्यात उभी खोडं आणि त्यांना छेदणारी बारीकशी आडवी रेघ एकत्र दिसली तर डोळे मिटून पाण्यात टाका.

सांधेजोड

भिंगातून, कमाल आहात तुम्ही. तिन्ही ट्रे एकत्र ओतले आणि मूठभर तुकडे तुमच्या पद्धतीने निवडून बघितले. ढगांचे पटापट बाजूला निघाले, त्यांना खरंच कड नाही. एका तुकड्यावर केसाएवढी फिकट आडवी रेघ आहे, जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. तळ्याच्या काठाला लावला, बसला!

नवरा शेजारी उभा राहून बघतोय. 'नशीब' म्हणाला.

चष्मिष्ट

रात्रीचे हिरवे सकाळी तपकिरी होतात त्यात डोळ्यांचा दोष नाही, दिव्याचा आहे. पिवळ्या दिव्यात निळा उजेड कमी असतो, त्यामुळे गडद हिरवा आणि गडद तपकिरी एकमेकांत बुडून जातात. पांढरा दिवा घ्या, ५००० केल्विनच्या आसपासचा, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय ना ते बघा. रंग किती खरे दिसतील त्याचा तो आकडा असतो, १०० पैकी.

दिवा डोक्यावर ठेवू नका, बाजूला ठेवा, तिरका. तुकडे चकचकीत असतील तर वरून पडलेला उजेड नेमका काळ्या तुकड्यांवर पांढरा डाग पाडतो, आणि आपण तो डागच रंग समजतो. तिरक्या उजेडात दुसरा फायदा म्हणजे कुठला तुकडा नीट न बसता किंचित वर उचललाय ते सावलीवरून लगेच दिसतं.

झाकणाबद्दल: छपाई चार शाईंची. गडद हिरवा आणि गडद तपकिरी करायचा तर दोन्हीकडे शाईवर शाई चढते आणि शेवटी दोन्ही काळेच दिसायला लागतात. त्यात झाकणावर चित्र लहान, म्हणून तिथला अंधार आणखी दाट. हे चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मोठं करून बघा, झाकणावर नुसता काळोख आहे तिथे झाडंच्या झाडं सापडतील.

ठोकळा

झाकण बघायचं, वर म्युझियमच्या साइटवर मोठं करून बघायचं... मग लावताय कशाला? छापील चित्रच आणून टांगा ना भिंतीवर. मी डबा उघडला की झाकण कपाटात टाकतो. चित्र तुकड्यांतूनच उमगलं पाहिजे.

उचापती

आले, आले. झाकणविरोधी मोर्चा आला.

ठोकळा

हसा. पण मूळ खेळ तसाच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांसाठीची लाकडी पझलं निघाली तेव्हा डब्यावर चित्रच नसायचं, फक्त शीर्षक. त्यातून कापणारे कारागीर रंगाच्या सीमेवरून करवत फिरवायचे. म्हणजे झाडाचा तुकडा झाडापाशी संपला, आकाशाचा आकाशापाशी, एकावरून दुसऱ्याचा पत्ता लागायचा नाही. आणि बरेच तुकडे एकमेकांत अडकायचेही नाहीत, नुसते खेटून ठेवायचे. कुणाला शिंक आली की संध्याकाळ वाया. पत्र्याच्या पात्यांनी पुठ्ठा दाबून कापलेली स्वस्त पझलं पसरली ती १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात. तुमचे लाड तिथून सुरू झाले.

खटपट्या

ठोकळाशेठ, त्याही आधीचं बोला ना. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, ते मुलांना भूगोल शिकवायला. नकाशा डोक्यात ठेवायचा हाच तर हेतू. तेव्हा मूळ खेळाचाच आधार घ्यायचा तर झाकण बघणारेच जास्त परंपरावादी ठरतील. हलके घ्या.

ठोकळा

घेतलं. झाकण कपाटातच राहील.

आडवाट

धागा मस्त रंगलाय. झाकणावरून आठवलं, सांधेजोड, तुमच्या हातात अख्खं चित्र नाहीये हे लक्षात आलंय का? मूळ कॅनव्हास १८३ सेंटीमीटर उंच आणि ३०५ सेंटीमीटर रुंद. उंची रुंदीच्या ६० टक्के. ७० बाय ५०च्या पझलची उंची रुंदीच्या ७१ टक्के पडते. चित्र ताणलेलं नसेल आणि उंची पूर्ण घेतली असेल तर रुंदीचा जवळजवळ सहावा हिस्सा कापला गेलाय.

आणि उंचीच्या हिशोबाने बघा, १८३चे ५० म्हणजे ३.६६ पट लहान. तुमच्या बोटांतला एक तुकडा म्हणजे मूळ कॅनव्हासवरचा पावणेसात सेंटीमीटरचा चौकोन, साधारण तळहाताएवढा. भिंगातून म्हणतात तो 'सगळ्यात काळा ठिपका' बिअरस्टाटने प्रत्यक्षात बऱ्यापैकी ऐसपैस जागेत रंगवलेला असणार.

सांधेजोड

अरे हो! म्युझियमचं चित्र शेजारी ठेवून बघितलं (ठोकळा, क्षमस्व). दोन्ही बाजूंनी छाटलंय. झाकणावरही छाटलेलंच आहे, म्हणून कधी जाणवलं नाही. उजव्या कडेला एक अर्धवट खोड का, हा प्रश्न मला चौकट लावतानाच पडला होता.

रानभूल

हे सिएरा नेवाडात नक्की कुठे आहे हो? तळं, धबधबा आणि मागे सरळ सुळका, इतकं सगळं एकाच जागी मिळत असेल तर जागा नकाशावर शोधून ठेवतो.

आडवाट

शोधू नका, सापडणार नाही. बिअरस्टाट १८६३मध्ये सिएरा नेवाडातल्या योसेमिटी खोऱ्यात जाऊन राहिला, तिथे भरपूर रेखाटनं केली, पण हे चित्र त्याने १८६८मध्ये रोमच्या स्टुडिओत बसून रंगवलं. कडा इथला, तळं तिथलं, ऊन मनातलं. आधी लंडनमध्ये लोकांना दाखवलं. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही आणि बहुतेक पाहणारही नाहीत, अशा लोकांसाठी केलेलं चित्र आहे ते. अमेरिकेचं रान म्हणजे कसं, याची त्यांनी मनात जी कल्पना केली असेल तिच्यापेक्षा चार बोटं वरच हवं, असा सगळा थाट.

आणि 'माणूस औषधालाही नाही' हे तर फारच सोयीचं. योसेमिटीच्या खोऱ्यात अवानीची नावाचे मूळ रहिवासी राहत होते. १८५१मध्ये मारिपोसा बटालियन नावाची तुकडी त्यांना हुसकायला खोऱ्यात घुसली. बिअरस्टाट पोचला तो त्यानंतर बारा वर्षांनी. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६४मध्ये, लिंकनने ते खोरं कॅलिफोर्नियाच्या हवाली करून राखीव ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. म्हणजे रान रिकामं नव्हतं, रिकामं करून घेतलं होतं.

ठोकळा

जिगसॉच्या धाग्यावर हे सगळं आणायलाच हवं का? काळे तुकडे कसे लावायचे, एवढा साधा प्रश्न होता बाईंचा.

आडवाट

तुकडेच लावतोय मीही. एक उरलेला तुकडा दाखवला, कुठे बसवायचा ते तुम्ही ठरवा.

भिंगातून

भांडू नका, कारण या दोन गोष्टी आपल्या पझलमध्ये एकत्रच येतात. त्याच बिअरस्टाटचं १८६३चं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' बघा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं. आकाराने जवळपास एवढंच, रचनाही सारखी: मागे बर्फाचा डोंगर, मध्ये पाणी आणि धबधबा. पण पुढच्या मैदानात शोशोनी या मूळ अमेरिकी लोकांची वस्ती आहे. तंबू, घोडे, माणसं, कुत्री, शिकार करून आणलेली जनावरं. त्याचं जिगसॉ सांधेजोड लावत असत्या तर हा धागाच निघाला नसता. तंबूचा तिरका काठ, घोड्याची पाठ, प्रत्येक तुकड्यात धरायला काहीतरी मिळतं. माणसं काढून टाकली की पुढची सगळी जागा सावलीने भरावी लागते, आणि ती सावली दीडशे वर्षांनी आपल्या ट्रेमध्ये येऊन पडते.

सांधेजोड

हे वाचून एकदम वेगळंच वाटायला लागलं बघा त्या काळ्या ढिगाकडे. आडवाट, लिहीत राहा हो. मला नाही अवांतर वाटलं.

प्रगती कळवते: ढग सगळे लागले. पुढचे खडकही बरेचसे. अडलंय ते मधल्या झाडीत, जिथे काळा धुरकटही आहे आणि सारखाही. तिथे आता खटपट्यांचे सहा ट्रे मांडलेत. नवरा फारच खूश आहे, त्याच्या मते त्याचीच पद्धत चालू आहे.

पेन्सिलकाका

उशिरा पोचलो. पूर्वी थोडंफार रंगवायचो, त्या अनुभवाचं सांगतो. बिअरस्टाट अवघड जातो कारण त्याच्या कुंचल्याची खूण दिसत नाही. सगळं घोटून गुळगुळीत केलेलं. रानच लावायचं आणि डोळ्यांना त्रास नको तर पुढच्या वेळी कॅनडाच्या टॉम थॉमसनचं 'द जॅक पाइन' घ्या. १९१६-१७चं, ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. एक वाकडातिकडा पाइन, मागे सरोवर, पलीकडे टेकड्या आणि संध्याकाळचं आकाश. बस्स. डब्यावर बघून वाटतं की एवढं मोठं सपाट आकाश आणि तेवढंच सपाट पाणी, मेलोच. पण थॉमसनने आकाश आणि पाणी रुंद, आडव्या फटकाऱ्यांनी भरलंय. फटकाऱ्याची दिशा बघितली की तुकडा कसा धरायचा ते कळतंच, म्हणजे खटपट्या म्हणतात ती निम्मी सवलत चित्रकारानेच देऊन ठेवली. शिवाय खालचा तांबडा थर त्याने झाडांच्या आणि टेकड्यांच्या कडेकडेने उघडा सोडलाय. लाल फट दिसली की समजायचं, इथे काहीतरी संपून दुसरं सुरू होतंय.

हा माणूस अल्गाँक्विन पार्कमध्ये डोंगी घेऊन फिरायचा आणि साधारण वहीच्या पानाएवढ्या लाकडी फळ्यांवर जागच्या जागी चित्रं करायचा. 'जॅक पाइन'ही तशाच एका फळीवरून मोठं केलेलं. १९१७च्या जुलैमध्ये तिथल्याच कॅनू लेकमध्ये गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

रानभूल

काका, पण गुळगुळीत चित्रांतही एक मजा आहे. फ्रेडरिक चर्च या चित्रकाराचं 'द हार्ट ऑफ द अँडीज' माझ्याकडे आहे, १८५९चं. त्यात झाडाच्या प्रत्येक जातीची पानं वेगळी काढलीत. न्यूयॉर्कमध्ये ते एकटंच मांडलं होतं, खिडकीसारख्या दांडग्या चौकटीत, पंचवीस सेंट तिकीट लावून. लोक नाटकाला नेतात तसल्या छोट्या दुर्बिणी घेऊन समोर बसायचे आणि एकेक कोपरा न्याहाळायचे. तीन मीटर रुंद चित्र, आणि बघायचं इंचाइंचाने! आपण तेच करतोय, दुर्बिणीऐवजी तुकडे घेऊन.

त्याचं जिगसॉ मात्र कोपऱ्यातल्या पानांपाशी जीव खातं. हिरव्यावर हिरवं, त्यावर हिरवं.

उचापती

म्हणजे पर्याय दोन: हिरव्याने मरा किंवा काळ्याने मरा.

चष्मिष्ट

सांधेजोड, मधल्या झाडीत एक काळजी घ्या. सारख्या रंगात खोटी जुळणी फार होते. तुकडा बसल्यासारखा वाटतो, पुढे आठ-दहा तुकडे त्याच्या भरवशावर लागतात आणि मग एक जागा अशी उरते की तिथे जगातला कुठलाच तुकडा बसत नाही. संशय आला तर जोडलेले दोन तुकडे उचलून दिव्यासमोर धरा. खऱ्या जोडीतून उजेड येत नाही, आला तर सगळीकडून सारखी बारीक रेघ दिसते. खोट्या जोडीत एका बाजूला फट असते. नाहीतर जोडी उलटी करून पाठ बघा. पाठीला रंग नसतो, त्यामुळे डोळा फसत नाही आणि सांधा नुसता सांधा म्हणून तपासता येतो.

खटपट्या

याला जोरदार अनुमोदन. आणि खुंटीच्या मानेकडे बघा, डोक्याकडे नको. डोकी सगळी सारखी गोल असतात, मान कुठे बारीक, कुठे कललेली, कुठे एका खांद्याला वर. त्यावरून एकाच घाटातले तुकडेही वेगळे काढता येतात.

सांधेजोड

दोन्ही सूचना लागू पडल्या. पाठ बघण्याच्या युक्तीने तीन जोड्या सोडवाव्या लागल्या, तिन्ही नवऱ्याने लावलेल्या होत्या. (तो हे वाचणार आहे.)

आणि झाडीत आत काय काय आहे! झाकणावर जिथे नुसतं काळं आहे तिथे एक मोडून पडलेलं खोड आहे, त्याच्या सालीवर उजेडाचा एक चट्टा, आणि मागून येणाऱ्या उन्हाने काही पानांच्या कडा पिवळसर झाल्यात. इतकं लहान की एका तुकड्यात मावतं. चित्र भिंतीवर टांगलं असतं तर मी तिथे कधी बघितलं नसतं, नजर सरळ उन्हाकडे गेली असती. बिअरस्टाटलाही तेच हवं असणार.

भिंगातून

अगदी. ऊन उजळ दिसतं ते शेजारच्या काळोखामुळे. त्या काळोखाला त्याने निम्मं चित्र दिलंय आणि बघणाऱ्याने तिकडे लक्ष देऊ नये अशी व्यवस्थाही केलीय. जिगसॉवाल्यांना मात्र प्रत्येक चौरस सेंटीमीटर सारखाच भोगावा लागतो.

सांधेजोड

झालं! शेवटचा तुकडा वादग्रस्त ठरला, दोघांनीही हात घातला होता, तपशील देत नाही.

आता पुढचा प्रश्न. नवऱ्याला ते गोंद लावून चौकटीत बसवायचंय. मला मोडून परत डब्यात भरायचंय. काय करता तुम्ही?

पेन्सिलकाका

मोडा. छाटलेलं, चार शाईंत काळवंडलेलं चित्र भिंतीवर कशाला? लावण्यापुरतंच ते चांगलं होतं. गोंद फासला की वर चकाकी येते आणि तुमची ती कमावलेली झाडी पुन्हा दिसेनाशी होते.

रानभूल

मी गोंदवाला आहे. चर्च माझ्या भिंतीवर आहे आणि येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो. चित्र बघायला नाही, सांधे बघायला थांबतो, पण थांबतो तर खरं. गोंद लावायचाच असेल तर पाठीमागून लावा, चकाकीचा प्रश्नच मिटतो.

खटपट्या

मोडणार असाल तर एक विनंती. कडेचे तुकडे वेगळ्या पिशवीत भरून ठेवू नका. जिच्याकडे हे पझल पुढे जाईल तिचं चौकट शोधण्याचं सुख हिरावून घेऊ नका.

सांधेजोड

नवऱ्याशी तह झाला. हे मोडायचं, आणि पुढचं 'जॅक पाइन' त्याने त्याच्या पद्धतीने लावायचं, मी मध्ये पडायचं नाही. तेव्हा हे पझल कुणाला हवं असेल तर निरोप टाका. ठोकळा, तुम्ही घेता का?

ठोकळा

घेतो. झाकण ठेवून घ्या, नुसते तुकडे पाठवा.

उचापती

त्यांना चित्र आधीच ठाऊक आहे की! अख्खा धागा वाचलाय त्यांनी.

ठोकळा

...